हस्तलिखित कोणाचे?

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या वाट्यास पहिल्या वर्षी काय काय येते, हे ज्यांनी ती नोकरी केली आहे त्यांस सांगावयास नको. वेळापत्रकातील शेवटचे तास त्याचे, सहलीच्या गाडीतील मागची जागा त्याची, स्नेहसंमेलनात पडद्याच्या दोऱ्या ओढण्याचे काम त्याचे. आणि वर्षारंभीच्या सभेत मुख्याध्यापक निरनिराळ्या मंडळांची वाटणी करू लागले म्हणजे ज्या मंडळाकडे कोणीच पाहत नाही, तेही त्याचेच. ज्येष्ठ मंडळी खिडकीबाहेर पाहू लागतात आणि सर्वांत तरुण शिक्षकाचे नाव कागदावर चढते. आमचे नाव असेच एका वर्षी ‘हस्तलिखित मंडळा’पुढे चढले.

रत्नागिरी शहरातील एका शाळेत आम्ही मराठी शिकवितो. नोकरीस लागलो तेव्हा आमचे वय पंचविशीच्या आत होते, आणि आपण मुलांस काहीतरी देण्याकरिता आलो आहोत, असा त्या वयास साजणारा भ्रमही पुरेपूर होता. त्या भ्रमाचे पुढे काय झाले, ते येथे सांगावयाचे आहे. सांगण्यासारखी गोष्ट आमच्या यशाची नाही, चुकीची आहे. परंतु ज्या घरांत हे मासिक जाते त्या घरांतून मुलांच्या शिक्षणाची काळजी मनापासून वाहिली जाते, आणि आमची चूक त्या काळजीतूनच जन्मलेली होती. म्हणून शिक्षकांइतकीच ती आईबापांच्याही उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

हस्तलिखित म्हणजे काय, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. पुष्कळांच्या जुन्या पेट्यांत त्याचे एखादे पान अजून सापडेल. वर्षभर मुलांनी लिहावे, त्यांतील निवडक लेख सुवाच्य अक्षराच्या विद्यार्थ्यांनी जाड कागदावर उतरून काढावेत, चित्रकलेत गती असणाऱ्याने मुखपृष्ठ रंगवावे, आणि सर्व पाने शिवून त्यांस पुठ्ठा घालावा. प्रत एकच. ती वर्गावर्गांतून फिरते, आणि फिरता फिरता तिच्या कडा मळतात, हाच तिचा खप. भ्रमणध्वनीवर एका बोटाने शेकडो माणसांपर्यंत मजकूर पोहोचतो अशा या काळात एका प्रतीच्या मासिकाचा उपयोग काय, असे एका पालकांनी आम्हांस विचारले होते. आम्ही त्यांस एवढेच सांगितले की, जे वाक्य शाईने जाड कागदावर उतरावयाचे असते आणि जे सहज पुसता येत नाही, ते लिहिण्यापूर्वी मूल एकदा थांबते. त्या थांबण्याकरिताच हा सगळा खटाटोप आहे.

शिक्षकाने वर्गाबाहेर विद्यार्थ्यांचे मंडळ चालवावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. तिचे सभासद म्हणजे त्या संस्थेचे आजी व माजी विद्यार्थी आणि त्यांस शिकविणारे तरुण शिक्षक. त्यांतच दादाभाई नौरोजी होते. त्यांचे वय त्या वेळी अवघे बावीस-तेवीस वर्षांचे. सभेत निबंध वाचावयाचे आणि त्यांवर वाद करावयाचा, एवढाच आरंभीचा क्रम. लवकरच मराठी व गुजराती बोलणाऱ्यांकरिता ‘ज्ञानप्रसारक’ नावाच्या शाखा निघाल्या. पुढे स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला, आणि नुसत्या निबंधावर न थांबता काही करून दाखवावे असे या तरुणांस वाटले. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. सभासद स्वतःच विनावेतन शिकवीत. मुलींस शाळेत धाडा, अशी विनवणी करीत दादाभाई घरोघर हिंडले, आणि मराठी मुलींच्या शाळेस नाना शंकरशेट यांनी आश्रय दिला. हे निबंध लिहिण्याच्या कलेत कसे होते ते आम्हांस ठाऊक नाही. पण ते ज्यांनी वाचले त्यांचेच होते, आणि म्हणूनच त्यांतून निघालेले कामही त्यांनी आपले मानले. ही हकीकत आम्ही महाविद्यालयात असताना वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. तिचा अर्थ कळावयास मात्र आठवीतील एका मुलाची गाठ पडावी लागली.

मंडळ दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतील लांब बाकांवर भरे. पहिल्या वर्षी चौदा मुले-मुली होती. काही टिळक आळीतील, काही नाचणे आणि परटवणे येथील, आणि तीनचार समुद्राकाठच्या वाड्यांतून येणारी. पहिल्या शनिवारी ‘काय लिहाल?’ असे विचारले, तेव्हा ‘सूर्योदय’, ‘माझा आवडता ऋतू’ आणि ‘मोबाइल: शाप की वरदान’ हे तीन विषय एकदमच आले. आम्ही त्यांस रत्नदुर्गावर नेले, मांडवीच्या धक्क्यावर नेले, १८२८ साली स्थापन झालेल्या येथील नगर वाचनालयात नेऊन जुनी मासिके उघडून दाखविली. हळूहळू फरक पडू लागला. एका मुलीने लिहिले की, मोहोर आल्यावर आकाशात ढग दिसले म्हणजे तिचे काका जेवत नाहीत; तुडतुडा पडेल या भीतीने रात्री दोनदा उठून बागेत जातात. दुसऱ्या एका मुलाने थिबा राजावर लिहिले. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजास इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेविले आणि १९१६ साली तो येथेच मरण पावला, हे तर पाठ्यपुस्तकी ज्ञान झाले. परंतु तीस वर्षे तो येथल्या माणसांशी कोणत्या भाषेत बोलत असेल, असा प्रश्न त्या मुलाने शेवटी विचारला होता. असा प्रश्न आम्हांस कधी सुचला नव्हता.

अशा लेखांतच तो दीड पानांचा लेख आला. लिहिणारा मुलगा किनाऱ्यावरच्या एका वाडीतील. वर्गात तो फारसे बोलत नसे. शनिवारी मात्र न चुकता येई आणि बाकाच्या टोकाशी बसे. लेखात त्याने बाबांबरोबर खाडीच्या मुखाशी जाळे लावावयास गेल्याची एक रात्र वर्णिली होती. अक्षर वाकडे, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, आणि ‘सुकती लागली’, ‘मतलय सुटला’ असे प्रयोग ठिकठिकाणी. मध्येच एक वाक्य होते: ‘भांगात बाबा घरीच बसून असतात. मग आई बोलते, आता कशावर भागवायचे.’

ते वाक्य वाचून आमची लेखणी थांबली. भांग म्हणजे काय, ते आम्हांस ठाऊक होते. निदान तसे आम्ही समजत होतो. बाप नशा करून घरी पडून राहतो आणि आई कपाळास हात लावते, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे तत्काळ उभे राहिले. या निरागस मुलास आपण काय लिहून बसलो याची कल्पना नाही, हे चारचौघांत वाचले गेले तर त्याच्या घराची शोभा होईल, अशा विचाराने आमचे मन कळवळले, आणि त्या वाक्यावर आम्ही काट मारली. आपण त्या मुलावर उपकार करीत आहोत, असे आम्हांस त्या क्षणी खरोखर वाटत होते.

एवढ्यावर भागले असते तरी पुष्कळ. परंतु त्याच सुमारास एका हस्तलिखित स्पर्धेचे पत्रक शाळेत आले. मुदत थोडी होती. शाळेचे नाव व्हावे असे मुख्याध्यापकांस वाटत होते, आणि आमचे नाव व्हावे असे आम्हांस. दोन रात्री जागून आम्ही पाच लेख ‘सुधारले’. सुकतीच्या जागी ओहोटी आली, मतलय जाऊन मंद समीर वाहू लागला, आणि त्या मुलाच्या लेखाच्या शेवटी आम्ही उषःकालाचे एक वर्णन जोडले. त्याच्या मूळ दीड पानांपैकी किती वाक्ये उरली, ती मोजण्याचे धैर्य आम्हांस आजही नाही. सुवाच्य अक्षराच्या मुलींनी लेख उतरून काढले, अंक स्पर्धेस गेला, आणि त्यास पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी ज्या लेखाची विशेष वाखाणणी केली, तो खाडीवरच्या रात्रीचाच लेख होता.

स्नेहसंमेलनात तो लेख वाचून दाखवावा, असे ठरले. मुलगा नवा सदरा घालून आला होता. मागच्या रांगेत त्याची आई बसली होती. पहिले अर्धे पान त्याने बरे वाचले. मग ‘उषःकाल’ हा शब्द आला. त्याने तो एकदा उच्चारून पाहिला, पुन्हा उच्चारून पाहिला, आणि थांबून आमच्याकडे पाहिले. जो शब्द त्याच्या नावावर छापल्यासारखा लिहिलेला होता, तो त्याच्या तोंडात बसत नव्हता. आम्ही विंगेतून हलकेच तो शब्द सांगितला. त्याने लेख पुरा केला, लोकांनी टाळ्या वाजविल्या, आणि ढाल हाती घेऊन सर्वांचे छायाचित्रही निघाले.

त्यानंतरच्या शनिवारी तो आला नाही, पुढच्याही नाही. वर्गात विचारले तर ‘घरी काम असतं, सर,’ एवढेच उत्तर. महिना गेला. अखेर एका रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. पडवीत त्याचे वडील जाळे पसरून बसले होते आणि फाटलेले डोळे सांधीत होते. आम्हांस पाहून ते घाईने उठले, खुर्ची झटकून पुढे सरकविली आणि हसून म्हणाले, “या गुरुजी, बसा. भांग आहे म्हणून गावलो तुम्हांला घरात. उधाणात आला असतात तर नुसती पोरंच भेटली असती.”

आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. मनुष्य पूर्ण शुद्धीवर होता. हातांतील सुई तर आमच्या लेखणीपेक्षा खचितच नीट चालत होती. “भांग म्हणजे?” असे आम्ही विचारले. त्यांस आमच्या अज्ञानाचे नवल वाटले असावे, परंतु त्यांनी ते दाखविले नाही. “अमावास्या-पुनवेला पाणी धावतं, तेव्हा जाळं भरतं,” ते म्हणाले. “सप्तमी-अष्टमीला पाणी मरतं. पाण्याला ओढ नाय तर जाळ्यात येणार काय? मग बसायचं असं जाळी सांधत. आमची ही आठपंधरा दिवसांची रडकथाच आहे.” त्या दिवशी अष्टमी होती.

घरी येऊन आम्ही शब्दकोश उघडणार होतो. पण त्याची गरज पडली नाही. आमच्याच शाळेतील भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात भरती-ओहोटीचा पाठ आहे. चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत आली म्हणजे अमावास्येस व पौर्णिमेस मोठी भरती येते, ती उधाणाची. आणि अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात आल्या म्हणजे पाणी थोडेच चढते व थोडेच उतरते, ती भांगाची. शब्द तेथे ठळक अक्षरांत छापलेला होता. तो त्या मुलाने दोन ठिकाणी शिकला होता, घरी आणि शाळेत. आम्ही एकाही ठिकाणी नाही. सुकती हाही शब्द काही अशुद्ध नव्हे. पाणी सुकते, ओसरते, म्हणून सुकती. या किनाऱ्यावर तो पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. मतलय म्हणजे रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, पुस्तकांतील ‘मतलई वारा’. ज्यास हा वारा कधी सुटतो ते ठाऊक नाही, त्याची होडी वेळेवर बाहेर पडत नाही. त्याच्या जागी आम्ही जो मंद समीर घातला होता, त्याने कोणाचीही होडी कधी हललेली नाही.

शब्द ठाऊक नसणे हा गुन्हा नव्हे. कोणासच सर्व शब्द ठाऊक नसतात. आमच्या मनास लागून राहिली ती दुसरीच गोष्ट. तेच वाक्य एखाद्या वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या मुलाने लिहिले असते, तर आम्ही काय केले असते? खचितच त्यास जवळ बोलावून, ‘अरे, हे काय लिहिलेस?’ असे विचारले असते. येथे आम्ही विचारलेच नाही. मच्छीमाराच्या घरी बाप नशेत पडून असणार, ही गोष्ट आम्हांस इतकी स्वाभाविक वाटली की तिचा खुलासा मागण्याची आवश्यकताच भासली नाही. पांढरपेशा घरात वाढलेल्या, पुस्तके वाचणाऱ्या, समतेवर वर्गात तास घेणाऱ्या मनुष्याच्या अंतःकरणात हा समज कोठे दडून बसला होता, ते त्यालाच माहीत नव्हते. एका तीन अक्षरी विभक्तीच्या शब्दाने तो बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही त्या मुलास बोलावले आणि सांगितले की, तुझा शब्द आम्हांस समजला नाही, न विचारता आम्ही तो खोडला, ही आमची चूक झाली. आम्ही काय समजलो होतो, ते मात्र सांगवले नाही. तो थोडा वेळ खाली पाहत उभा राहिला. मग म्हणाला, “मला वाटलं, आमच्या बाबांचं लिहिलेलं तुम्हांला आवडलं नाही.” यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते.

या प्रसंगानंतर आम्ही साने गुरुजींचे चरित्र पुन्हा काढून वाचले. आमच्याच जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेला हा मनुष्य १९२४ साली खानदेशात अमळनेर येथे शिक्षक झाला. म्हणजे वय चोवीस, जवळजवळ आमच्याएवढेच. पुढे तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या आवराव्या, त्यांची अंथरुणे नीट लावून ठेवावी, आजारी मुलाजवळ बसावे, आणि रात्री जागून ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक लिहून काढावे, असा त्यांचा क्रम असे. सकाळी मुले ते वाचीत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढले. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत पडण्याकरिता त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली. म्हणजे शाळेतील त्यांचा काळ उणापुरा सहा वर्षांचा. एवढ्या अल्प काळातील त्या कामाची आठवण महाराष्ट्रात अद्याप निघते.

वरवर पाहिले तर गुरुजींनी आणि आम्ही एकच गोष्ट केली. दोघांनीही रात्री जागून मुलांकरिता लिहिले. परंतु गुरुजी जे लिहीत ते स्वतःचे म्हणून लिहीत. आपल्याला काय आवडले, काय वाचले, मुलांनी काय करावे असे वाटते, ते मुलांपुढे मांडीत. घ्यावयाचे की नाही, हे मुलांकडे. आम्ही मुलांकरिता लिहिले नाही, मुलांच्या नावावर लिहिले. त्यांच्या मुलांस सकाळी उठून काहीतरी वाचावयास मिळे; आमच्या विद्यार्थ्यास व्यासपीठावर उभे राहून स्वतःच्याच नावाचा परका लेख वाचावा लागला. मोठ्या माणसाने मुलासमोर लिहून दाखविले तर मुलास लिहावेसे वाटते. मोठ्या माणसाने मुलाच्या जागी बसून लिहिले म्हणजे मूल एवढेच शिकते की, आपले लिहिणे दाखविण्याच्या लायकीचे नाही.

यानंतर मंडळाच्या कामात आम्ही काही बदल केले. ते फार मोठे नाहीत, पण ज्यांस असे मंडळ चालवावे लागते त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून देतो. पहिला असा की, मुलाच्या लेखावर आम्ही शाईचे पेन लावीत नाही. जेथे अडेल तेथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावयाचे, आणि लिहिणाऱ्यास शेजारी बसवून विचारावयाचे. दुसरा, संपादक विद्यार्थी. कोणता लेख घ्यावा यावर आमचे मत एक, इतरांच्या मतांइतकेच. तिसरा, आम्हांस लिहिण्याची हौस आलीच तर अंकात ‘शिक्षकांचे पान’ आहे. तेथे आमच्या नावाने लिहावे, आणि संपादकांनी परत केल्यास मुकाट्याने घ्यावे. आमचा एक लेख असा परत आलेला आहे. त्यावर संपादिकेने पेन्सिलीने लिहिले होते: ‘सर, शेवट ओढून आणल्यासारखा वाटतो.’ तो तसा होताच.

यावर कोणी म्हणेल, मग शुद्धलेखन शिकवावयाचेच नाही काय? वाकडे ते वाकडेच राहू द्यावयाचे काय? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. ऱ्हस्वदीर्घ सुधारलेच पाहिजेत. वाक्य लंगडत असेल तर ते मुलाकडून पुन्हा लिहवून घेतलेच पाहिजे. परंतु शुद्धलेखन ही एक गोष्ट आणि शब्दसंपत्ती ही दुसरी. मुलाने ‘सुकती’ हा शब्द ऱ्हस्वाऐवजी दीर्घ लिहिला तर दुरुस्त करावा. मुळात सुकतीच काढून टाकण्याचा अधिकार शिक्षकास कोणी दिला? प्रमाणभाषा सर्व मुलांस आली पाहिजे, कारण तिच्यावाचून त्यांचे पुढे अडेल. पण ती घरच्या भाषेच्या शेजारी येऊन बसावी, तिला उठवून तिच्या जागेवर नव्हे. ज्या भाषेत आज आम्ही हा लेख लिहीत आहोत, तिलाही असले शब्द मिळाले नाहीत तर ती दिवसेंदिवस कोरडीच होत जाणार.

आता आईबापांकरिता थोडे. शाळेत ‘प्रकल्प’ म्हणून जे काही मागितले जाते, ते घरोघर कोण करते, हे शिक्षकांस ठाऊक नाही असे कृपा करून समजू नये. आदल्या रात्री आई पुठ्ठा कापते, बाबा संगणकावरून मजकूर काढतात, आजोबा अक्षर काढून देतात, आणि मूल केव्हाच झोपी गेलेले असते. वक्तृत्वस्पर्धेचे भाषण तर बहुतेक घरी मोठ्यांनीच लिहावयाचे असा प्रघातच पडला आहे. शिकलेल्या घरांतून हे अधिक होते, कारण तेथे लिहून देऊ शकणारी माणसे अधिक असतात. या सर्वांच्या मुळाशी प्रेमच आहे, यात शंका नाही. आमच्या मुळाशीही तेच होते. परंतु बक्षीस घेऊन घरी आलेल्या मुलास ते आपले नव्हे, हे पक्के माहीत असते. तो ते भिंतीवर लावू देतो, पाहुण्यांपुढे मिरवू देतो, आणि पुढच्या वेळी कोरा कागद घेऊन आपल्याकडे येतो: ‘तुम्हीच सांगा, काय लिहू?’ हा प्रश्न ज्या घरात वारंवार ऐकू येतो, त्या घराने एकदा थांबून विचार करावा. मुलाशेजारी बसावे, त्यास प्रश्न विचारावे, आपणही आपले काही निराळ्या कागदावर लिहावे. पण त्याचा कागद त्याच्या हाती राहू द्यावा. त्यामुळे बक्षीस गेले तर जावो.

बक्षिसे आमच्याही मंडळास त्यानंतर मिळालेली नाहीत. गेल्या वर्षीचा अंक स्पर्धेस धाडावा की नाही, यावर मुलांनी मतदान घेतले आणि धाडला; तो क्रमांकात आला नाही. दोन दिवस मुले हिरमुसली, तिसऱ्या दिवशी नव्या अंकाचे विषय काढू लागली. शाळेत यावरून आमची थोडी थट्टाही झाली. ती वाजवी होती.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून आमचे वाचक आम्हांस सोडणार नाहीत. तो शनिवारी पुन्हा येऊ लागला. लगेच नव्हे, पावसाळा उलटल्यावर. आला तो लेख घेऊन नव्हे. त्या सुमारास मुलांनी किनाऱ्यावरच्या आणि बागांतल्या शब्दांचे एक सदर सुरू केले होते. घरी, वाडीत, बंदरावर जो शब्द ऐकू येईल तो लिहून आणावयाचा, त्याचा अर्थ विचारून घ्यावयाचा. पहिल्याच खेपेस कोणीतरी ‘आगोट’ लिहून आणला आणि त्याचा अर्थ ‘पहिला पाऊस’ असा दिला. बाकाच्या टोकावरून हलक्या आवाजात दुरुस्ती आली: पाऊस नव्हे, पावसाआधीचे दिवस, होड्या वर ओढून शाकारतात, घरात सुकी मासळी आणि मीठ भरून ठेवतात, ते दिवस. सर्वांनी मागे वळून पाहिले. तेव्हापासून त्या सदरातील समुद्राकडचे शब्द त्याच्या नजरेखालून गेल्यावाचून अंकात जात नाहीत. चुकीच्या अर्थावर तो काट मारीत नाही. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो आणि ज्याने शब्द आणला त्यास विचारतो, “कुणाकडून ऐकलास?”

स्वतःचा लेख मात्र त्याने अद्याप पुन्हा दिलेला नाही. आम्ही मागितलाही नाही. त्याचे मूळ दीड पान आमच्या कपाटात होते. लाल शाईच्या काटांसह आम्ही ते त्यास परत केले. त्याने ते घडी करून खिशात ठेवले. आता तो दहावीत गेला आहे, आणि अंकाचे काम मार्चपूर्वी संपवावयाचे आहे. शनिवारी प्रयोगशाळेत गेलो म्हणजे आम्ही त्याच्या शेजारची जागा सोडून बाकाच्या दुसऱ्या टोकाशी बसतो, आणि आपल्या पानाचे जे काय लिहावयाचे ते लिहितो.